बिअरची अर्धी पाटी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी दारू पीत नाही. आमच्या घरात कुणीच पीत नाही. तरीही देवनारच्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत बिअरच्या तीन जुन्या पाट्या भिंतीवर आहेत. पाहुणे आले की आधी पाट्यांकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग हळूच कोपऱ्यातल्या कुराणाच्या रेहलकडे. कुणी काही विचारत नाही. एका मित्राने मात्र विचारलं होतं, ‘कवी आहेस हे आम्ही समजून घेतलं, पण हे काय?’

आज त्याला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर देतो.

तुमच्या घरात कधीतरी इनॅमलचं ताट किंवा मग असेल. पांढरा, निळ्या काठाचा. तो हातून पडला की एक टवका उडायचा आणि खाली काळं लोखंड दिसायचं. ज्या पाट्यांबद्दल मी बोलतोय त्या याच जातीच्या. रेल्वे स्टेशनांवरच्या जुन्या नावांच्या पाट्या, चाळींवरचे निळे घरनंबर, किराणा दुकानाच्या दारावरच्या साबणाच्या, चहाच्या, ग्राइप वॉटरच्या पाट्या, सगळ्या इनॅमलच्या. त्यांचा रंग हा रंग नसतोच, ती काच असते. लोखंडी पत्रा तेजाबात बुडवून स्वच्छ करायचा, त्यावर काचेच्या भुकटीचा पातळ थर द्यायचा आणि सुमारे 800 अंशांच्या भट्टीत घालायचा. काच वितळून लोखंडाला घट्ट धरते. पहिला थर काळपट, तोही दोन्ही बाजूंनी, म्हणजे पत्रा भट्टीत वाकडा होत नाही. मग पांढरा थर, पुन्हा भट्टी. मग निळा हवा असेल तर कोबाल्ट घातलेली भुकटी, हिरवा हवा असेल तर क्रोमियमची. अक्षरांचा साचा ठेवून नको तिथली भुकटी ब्रशने झाडायची आणि पुन्हा भट्टी. जितके रंग तितक्या वेळा आग. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा धंदा वाढला, आणि तिथून या पाट्या आपल्याकडे जहाजाने येऊ लागल्या.

मुंबईसारख्या गावात यांचं महत्त्व पावसाळ्यात कळतं. कागदाचं पोस्टर जूनमध्ये लावलं तर जुलैत त्याचा लगदा होतो. काच लावलेला पत्रा चाळीस-पन्नास पावसाळे काढतो. गंज लागलाच तर कडेने आणि स्क्रूच्या भोकांपासून, कारण काच तिथेच आधी फुटते.

आता बिअर. हिंदुस्थानात गोरे शिपाई आणि साहेब लोक यांच्यासाठी बिअर सुरुवातीला थेट विलायतेतून पिंपांत भरून यायची. 1855 मध्ये एडवर्ड डायर नावाच्या इंग्रजाने हिमालयाच्या कुशीत कसौलीला बिअरची भट्टी घातली. थंड हवा आणि झऱ्याचं पाणी, या दोन गोष्टी बिअरला लागतात. त्या मुंबईत कुठून मिळणार? तिथली ‘लायन’ बिअर पुढे सर्वत्र गेली. नंतर 1860 मध्ये मरी या थंड हवेच्या गावाजवळ, घोडा गली इथे, दुसरी मोठी कंपनी उभी राहिली. तिचा कारभारही हाच एडवर्ड डायर पाहायचा, आणि मरीतच 1864 मध्ये त्याला मुलगा झाला. तो रेजिनाल्ड डायर. 13 एप्रिल 1919 ला जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा. बिअरची पाटी हातात घेतली की हे आठवतं. चहा-साबणाच्या पाटीला असा इतिहास चिकटलेला नसतो. कसौली-सोलनची कंपनी 1949 मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आली आणि पुढे ‘मोहन मीकिन’ झाली. मरीची कंपनी फाळणीनंतर पाकिस्तानात गेली आणि रावळपिंडीत आजही बिअर बनवते. मुसलमानांना दारूबंदी असलेल्या देशात ती कशी चालते, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

या कंपन्यांच्या आणि विलायती बिअरच्या पाट्या छावण्यांत, रेल्वेच्या उपाहारगृहांत, बंदरावरच्या बारमध्ये असत. मग मुंबईत त्या इतक्या दुर्मीळ का? साबणाच्या दहा पाट्या दिसतात तेव्हा बिअरची एखादी दिसते. याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. 1 ऑगस्ट 1939 ला काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग केला, तो फार टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 6 एप्रिल 1950 पासून सगळ्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, मोरारजी देसाई गृहमंत्री. त्या कायद्यात नुसतं पिणं आणि विकणं नव्हतं. मादक पेयाची शिफारस करणारी जाहिरात छापणं, वाटणं आणि लावणं, हाही गुन्हा होता. म्हणजे बाटल्या गेल्या तरी भिंतीवर पाटी ठेवता येत नव्हती. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलबाबतची काही कलमं उडवली, दारूबंदी मात्र राहिली. साठ आणि सत्तरच्या दशकांत ती सैल होत गेली. कायदा अजून आहे, नाव बदलून महाराष्ट्राचा झालाय, आणि पिणाऱ्याला नियमाने आजही परवाना लागतो. मी एकदा वकील मित्राला विचारलं, माझ्या भिंतीवरच्या पाट्या जाहिरातीत मोडतात का? तो म्हणाला, ‘कुणाला प्यावीशी वाटली तर मोडतील.’

तर 1950 मध्ये पाट्या उतरल्या. पण लोखंडाचा चांगला पत्रा मुंबईत कुणी फेकून देत नाही. तो उलटा करून छपरावर गेला, कोळशाच्या पिंपावर झाकण झाला, मोरीचा आडोसा झाला. मग ती चाळ पडली, झोपडी हलली, आणि पत्रा भंगारात आला. भंगार म्हणजे शेवटी आमचं देवनार. 1927 पासून मुंबईचा कचरा इथे येतोय. 1971 मध्ये कत्तलखाना आला. दोन्हींच्या वासात मी वाढलो. कचऱ्याचे डोंगर, त्यांच्या पायथ्याची वस्ती आणि वस्तीच्या तोंडाशी भंगाराची दुकानं. कागदवाला वेगळा, प्लास्टिकवाला वेगळा, लोखंडवाला वेगळा. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जी वस्तू काच लावलेल्या कपाटात बसते, ती आमच्याकडे काट्यावर बसते.

1996 च्या उन्हाळ्यात बैंगनवाडीतल्या एका लोखंडवाल्याकडे मी सायकलचं कॅरियर शोधत होतो. ढिगाऱ्यात एक पिवळा पत्रा दिसला. मोठ्या कात्रीने मधोमध कापलेला, उजवा अर्धा. त्यावर गडद निळ्या रंगात तीन इंग्रजी अक्षरं होती: ई, ई, आर. खाली एका लहान ओळीचं शेपूट, ‘हिअर’. आणि वर उजवीकडे एका जनावराचं मागचं अंग, दोन पाय आणि गोंडा असलेली शेपटी. सिंहच. बाकीचा सिंह, पहिलं अक्षर आणि कंपनीचं नाव कात्रीच्या पलीकडे. तीन किलो भरला. आठ रुपये किलोने चोवीस रुपये दिले. कॅरियर राहून गेलं.

घरी अम्मीने पाहिलं. तिला इंग्रजी येत नसे, माझ्या धाकट्या बहिणीला येत होतं, तिने चुगली केली. अम्मी म्हणाली, ‘इस घर में कुराण है और तू बिअर का पत्रा टांगेगा?’ मी म्हटलं, अम्मी, बिअर कुठे लिहिलंय? बी नाहीच त्यात. नुसतं ‘ईअर’ आहे. तिने बहिणीकडून खात्री करून घेतली. बी खरंच नव्हता. मग म्हणाली, ‘ठीक है. लेकिन बी मत लाना.’

इतकंच करून ती थांबली असती तर बरं झालं असतं. मी कामावर असताना तिने तो पत्रा चिंच आणि राख लावून घासला, तांब्याच्या हंड्यासारखा. आंबट पदार्थ काचेची चकाकी खातो आणि राख ओरखडे पाडते. सिंहाची एक मांडी कायमची धुरकट झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण कुणाच्या माळ्यावर अशी पाटी असेल तर साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, एवढंच वापरा. तारेची घासणी नको, लिंबू नको, उडालेल्या जागी ऑइलपेंट तर मुळीच नको. कोरडी करून मेणाचा हात दिला की गंज थांबतो.

दुसरी पाटी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली. गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज होते, आपला कायदा तिथे नव्हता, त्यामुळे पाट्यांना भिंतीवरून उतरायची घाई झाली नाही. तिच्यावर ‘सर्वेजा’ असं लिहिलंय, पोर्तुगीजमध्ये बिअर. अम्मीच्या अटीत ती बसली, कारण त्यात बी नव्हता. तिसरी देवळालीच्या छावणीकडची, भोकांतून इतकी गंजलेली की वाचण्यासारखं फारसं उरलं नाही.

चौथी मी चोर बाजारात घेतली आणि ती खोटी निघाली. त्याचं दुःख आता नाही, पण शिकवणी महाग पडली. नकली पाट्या आता ढिगाने होतात. ओळखायच्या कशा? अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. अस्सल पाटीत प्रत्येक रंगाची बारीक पायरी नखाला लागते, कारण थरावर थर भाजलेला असतो. छापलेली पाटी सपाट असते. मग स्क्रूचं भोक पाहा. स्क्रू आवळताना काच भोकाभोवती गोल उडते, आणि गंज तिथून बाहेर पसरतो. नकलीवर तेजाब-मीठ लावून आणलेला गंज सगळीकडे सारखा, जणू पाटीला गोवर आला. आणि पाठ बघायला विसरू नका. पाठीवर काळपट काचेचा थर हवा, भिंतीच्या चुन्याचे डाग हवेत. पुढची बाजू विकणाऱ्याला माहीत असते, पाठीकडे त्याचं लक्ष कमी असतं.

जगात हा छंद जुना आहे. इंग्लंडात 1978 मध्ये बॅगली आणि मॉर्ली या दोघांनी या पाट्यांवर पुस्तक काढलं, त्याचं नाव ‘स्ट्रीट ज्वेलरी’, रस्त्यावरचे दागिने. बिअरवाल्यांना तिथे विशेष मान, कारण इंग्लंडात नोंदलेलं पहिलं बोधचिन्ह बिअरचंच आहे: बास कंपनीचा लाल त्रिकोण, 1876. माने या फ्रेंच चित्रकाराने 1882 च्या आपल्या प्रसिद्ध बारच्या चित्रात तो त्रिकोण असलेली बाटली रंगवली आहे. आपल्याकडे काचेचा पत्रा जाऊन रंगाऱ्याचा बोर्ड आला, मग प्लास्टिक. केबल टीव्हीच्या नियमांत दारूच्या जाहिरातीला मनाई असल्याने कंपन्या त्याच नावाचा सोडा आणि पाणी दाखवतात. जुनी पाटी निदान जे विकायचं तेच लिहायची.

कवीने वस्तू जमवू नयेत असं कुणी म्हणालं की मी पुण्याच्या केळकर संग्रहालयाकडे बोट दाखवतो. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करत, चष्म्याचं दुकान चालवत, आणि अडकित्ते, दिवे, दौती जमवत. संग्रह वीस हजार वस्तूंच्या वर गेला, आणि त्यांनी तो सरकारला देऊन टाकला. मी तीन पाट्यांचा माणूस आहे. पण मला एक गोष्ट त्यांना विचारायची होती: वस्तू ज्याच्या घरात अजून कामात आहे, त्याच्याकडून ती मागताना ते काय बोलत? 1990 मध्ये ते गेले. माझ्यावर ती वेळ आली 2003 मध्ये.

डम्पिंगच्या भिंतीला लागून एक गल्ली होती. एका झोपडीच्या बाहेर, मोरीचा आडोसा म्हणून पिवळा पत्रा खिळलेला. उजवी कड कात्रीने कापलेली, आणि मध्ये कात्री घसरून झालेला तोच वेडावाकडा दात. सात वर्षं मी तो दात रोज पाहत होतो, मला चूक होणं शक्य नव्हतं. निळा बी होता. सिंहाची आयाळ होती. पण वरचा भाग, जिथे कंपनीचं नाव असणार, शेजारच्या पत्र्याखाली दाबलेला. नाव वाचायचं तर खिळे काढायला हवेत.

घर एका खालाचं होतं. कचऱ्यातून वेचलेलं काच-लोखंड विकून जगणारी, एकटी. मी म्हटलं, खाला, हा पत्रा मला द्या, नवा कोरा पत्रा लावून देतो आणि वर पाचशे रुपये. ती म्हणाली, ‘नया पत्रा दो बारिश में छलनी हो जाता है, बेटा. ये मेरे आदमी ने लगाया था. एक छेद नहीं.’ तिचं बरोबर होतं. मी मघाशी काच आणि भट्टीबद्दल जे सांगितलं ते तिला आधीच ठाऊक होतं. मी जे सांगितलं नाही ते हे, की जोडलेल्या पूर्ण पाटीचे चोर बाजारात हजारांत पैसे येतात. मी पाचशेच म्हणालो. पुढे सात-आठ महिने जात राहिलो, चहा पीत राहिलो, पाचशेचे आठशे केले. किंमत सांगितली नाही.

एक दिवस तिनेच विचारलं, ‘इसपे लिखा क्या है?’ मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणालो, बिअर. शराब.

दुसऱ्या जुम्म्याला गेलो तर पत्रा उलटा लावलेला. काळी पाठ बाहेर, सिंह आत. तिने शेजारच्या पोराला बोलावून खिळे काढवले आणि पत्रा फिरवून पुन्हा ठोकला. ज्या खिळ्यांसाठी मी महिनोन्‌महिने चकरा मारल्या ते निघाले, आणि मी तिथे नव्हतो. विचारलं, खाला, वरच्या बाजूला काही लिहिलेलं होतं का? ‘हां, था ना. बहुत सारा. अंग्रेजी.’ पोराला विचारलं. त्याने वाचलंच नव्हतं.

2004 च्या अखेरीस आणि 2005 च्या सुरुवातीला मुंबईत झोपड्या पाडण्याची मोठी मोहीम झाली. हजारो घरं गेली. ती गल्लीही गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. खाला रस्त्याच्या कडेला बोचकं घेऊन बसली होती. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, ‘पत्रा देखने आया?’ मी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं, आणि ते तिलाही कळलं. तिने सगळंच काट्यावर दिलं होतं. पत्रे, वासे, स्टोव्ह. रात्री उघड्यावर राखण कोण करणार? मी लोखंडवाल्याकडे धावलो. ट्रक सकाळीच गेला होता. आमच्याकडचं लोखंड जालन्याच्या भट्ट्यांपर्यंत जातं, तिथे त्याच्या सळ्या होतात.

खालाला पुढे मानखुर्दच्या बाजूला भाचीकडे आसरा मिळाला. चोर बाजारातल्या भावाची गोष्ट मी तिला नंतर सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘उस वक्त बोलता तो मैं भी सोचती.’

एका ईदला ती आमच्या घरी आली. अम्मी तेव्हा हयात होती. दोघींनी शीरखुर्मा घेतला. खाला उठून भिंतीपाशी गेली, चिंचेने धुरकट झालेल्या सिंहाच्या मांडीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘मुंडी मेरे पास थी.’ अम्मी म्हणाली, ‘बैठो, और थोड़ा लो.’